चव सांगायचा मान

आमच्या घरी माय स्वतः रांधलेलं कधी चाखत नसे. रांधणाऱ्या बाईनं पळी तोंडाला लावली की सगळा गंजभर स्वयंपाक उष्टा होतो, असं तिच्या आईनं तिला शिकवलं होतं. त्यात सोमवार, चतुर्थी, एकादशी असे उपास तिच्या मागं इतके, की चाखायची सोयच नव्हती. पण मीठ कळायला कोणाची तरी जीभ लागतेच. लेकराचं उष्टं धरायचं नसतं, हाही तिच्या आईचाच नियम. म्हणून आमच्या घरची चव मी पाहायची. माय पळीतलं थोडंसं उंचावरून माझ्या तळहातावर सोडायची, मी ते चाटायची आणि निकाल द्यायची. मीठ कमी म्हटलं की मीठ पडायचं, गूळ कमी म्हटलं की गूळ. बाहेरच्या गोष्टींत बाबांचा शब्द चालायचा, पण चुलीपाशी माझा.

माझ्या पाठीवरची भावंडं जगली नव्हती, त्यामुळं घरात लेकरू एकटीच मी. लाडावलेली होते, असं लोक म्हणत. खोटं कशाला बोलू, होतेच. सावली गावच्या बाजाराला बैलगाडीनं जाऊन दिवस मावळायच्या आत परत येता येईल, अशा अंतरावर आमचं गाव. तळ्याच्या मातीच्या पाळीखाली आमच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि तळ्यापलीकडं रान. उन्हाळ्यात शेतात काम नसायचं तेव्हा घरात खाण्यापिण्याचे उद्योग चालायचे. होळीच्या आसपास मोह गळायला लागला की पहाटे वेचायला जायचं, मग तो अंगणात वाळत पडायचा. त्याचे लाडू व्हायचे. कैऱ्या आल्या की पन्हं आणि ऊन वाढलं की आंबील. या सगळ्यात बाबाही हात घालायचे, आणि प्रत्येक पदार्थ माझ्या तळहातावरून गेल्याशिवाय कोणाच्या तोंडात जायचा नाही.

मग माझी आत्या वारली. तिला आरमोरीकडं दिलं होतं. थंडीत तिला ताप आला आणि तो उतरलाच नाही. बाबा दिवसपाण्याला गेले आणि येताना तिच्या मुलीला घेऊन आले. ती माझ्याच वयाची, एखाद्या वर्षानं मोठी असेल. आतोबा दिवसभर शेतात, घरात दुसरं बाईमाणूस नाही, म्हणून पोर काही दिवस मामाच्या घरी राहील असं ठरलं होतं. हे काही दिवस म्हणजे किती, ते कोणीच सांगितलं नव्हतं.

पहिले काही दिवस मलाही तिची कीव आली. मी तिला माझी चटई दिली, माझ्या बाहुलीची साडीसुद्धा दिली. ती फार बोलत नसे. कोणी हाक मारली की लगेच उठायची, ताटात पडेल ते खायची, भांडी न सांगता घासायची. येणारी-जाणारी प्रत्येक बाई तिच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि मग माझ्याकडं बघून म्हणायची, पाह्य, हिच्यापासून शीक जराशी. माझी कीव तेवढ्यानंच आटली.

मोहाच्या लाडवांचा दिवस आला. मायनं वाळलेला मोह खापरात भाजला, तीळ भाजले. बाबा परसातल्या उखळापाशी बसले आणि मुसळानं कुटायला लागले. मोह कुटताना चिकट होतो, मुसळाला धरतो, मग तीळ थोडे थोडे घालून तो सोडवावा लागतो. हे तीळ घालायचं काम माझं होतं. कुटून झाल्यावर मायनं परातीत घेऊन मळला, बोटावर एवढासा गोळा काढला. मी हात पुढं केला. मायनं तो गोळा आत्याच्या मुलीच्या हातावर ठेवला.

"सांग बाई, कसं झालं?"

ती हळूच म्हणाली, चांगलं झालं. माय अशी हसली की जणू आत्यानंच वरून सांगितलं. मी हात तसाच पुढं धरून उभी होते. तो मागं घ्यावा लागला तेव्हा माझ्या पोटात जे दुखलं ते लाडवानं नव्हतं, कारण लाडू अजून मिळालाच नव्हता. मिळाला तेव्हा कळलं की मोह थोडा जास्त भाजला गेला होता, कडवट लागत होता. मी तसं सांगितलं. माय म्हणाली, तुले कोणी विचारलं?

तिथून पुढं चव तीच पाहायला लागली. पन्हं असो, आंबील असो, चिंचेचं पाणी असो, पळी तिच्याच हातावर वाकायची. आणि तिचं उत्तर ठरलेलं, चांगलं झालं. आंबील एका दिवशी इतकी आंबली होती की दात आंबले, तरी चांगलं झालं. मला कळेना की हिला जीभ आहे की नाही. मी मायला सांगून पाहिलं की हिला चवीतलं काही कळत नाही. मायनं माझ्याकडं असं पाहिलं की मी पुढचं बोलणं गिळलं. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, अरे, आमच्या चाखणारणीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते गमतीत म्हणाले होते, पण मिरच्या खरंच झोंबल्या होत्या.

मत्सर ही गोष्ट एका जागी थांबत नाही. सुरुवात पळीपासून झाली आणि मग मला तिचं सगळंच दिसायला लागलं. माय तिच्या केसांना तेल लावताना जास्त वेळ लावते. तिला बाई म्हणते आणि मला पोट्टी. माझ्या चुकीला धपाटा आणि तिच्या चुकीला पाण्याचा गिलास. बाबा सावलीहून गुळात घोळलेली गुडीशेव आणायचे, ती आधी तिच्या ओंजळीत पडायची, आणि ती मुकाट्यानं त्यातली निम्मी मला द्यायची. ते तर मला सगळ्यात जास्त लागायचं. भांडून घेतली असती तर गोड लागली असती.

वैशाखात निरोप आला की आतोबा पोरीला भेटायला येत आहेत, बरोबर त्यांचे मोठे भाऊही आहेत. पोर रमली नसेल तर घेऊन जाऊ, असंही त्यांनी कळवलं होतं. मला मनातून इतका आनंद झाला की विचारू नका. सुंठीवाचून खोकला जाणार होता. मायच्या तोंडचं पाणी मात्र पळालं. नणंदेची पोर नीट सांभाळली नाही असं कोणी म्हणू नये, म्हणून तिनं पहाटेपासून घर सारवलं, तांदळाचं पीठ दळून ठेवलं, आणि उन्हातून येणार म्हणून पन्ह्याला कैऱ्या काढल्या.

मला शेजारच्या घरी काचेचे गिलास मागायला पाठवलं. शेजारणीच्या घरी बोलणं सुरू झालं की लवकर सुटका नसते. मी परत आले तोवर कैऱ्या निखाऱ्यात भाजून, साल काढून, गर कुस्करून पन्हं झालं होतं. मागाहून कळलं ते असं, की मायनं मीठ घातलं, तेवढ्यात गाईनं दावं तोडलं म्हणून ती गोठ्यात पळाली, आणि परत आल्यावर घाईत पुन्हा तेवढंच मीठ घातलं. मग पळी वाकली. उत्तर आलं, चांगलं झालं.

आतोबा आले, पाय धुतले, ओसरीत बसले. माय स्वतः दाराआड उभी राहिली आणि गिलास माझ्या हातून पाठवले. आतोबांनी एक घोट घेतला आणि थांबले. मग डोळे मिटून सगळा गिलास रिकामा केला, औषध पितात तसा. त्यांच्या भावाला ठसका लागला. बाबांनी घोट घेऊन दाराकडं पाहिलं. त्या एका बघण्यातच मायची सगळी अब्रू गेली.

मायनं आत जाऊन गंजातलं पन्हं तोंडात घेतलं. स्वतः रांधलेलं चाखताना मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. तिनं ते परसात थुंकलं आणि मुलीला हाक मारली. मी दारातच उभी राहिले, एकही शब्द सुटू नये म्हणून. आता हिची पळी गेली, आणि बहुतेक हीसुद्धा गेली, असं मला वाटत होतं.

"तुले खारट नाई लागलं?"

"लागलं, मामी."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

ती खाली बघत म्हणाली, "माही माय म्हणे, ज्या घरी राहाचं त्या घरच्या अन्नाले नाव ठेवू नाई. जाताना सांगतलं होतं तिनं मले."

माय चुलीपुढं बसली. तिनं विचारलं की मोहाचे लाडू कसे झाले होते. कडू, ती म्हणाली. आणि ती आंबील? लय आंबट. माय एकेक विचारत गेली आणि ती एकेक सांगत गेली. सगळं तिला कळत होतं. तिची जीभ माझ्यापेक्षा तिखट होती. माय ऐकता ऐकता रडायला लागली आणि तिला जवळ ओढून घेतलं. मी दारात उभी. एवढा सगळा खारटपणा करून वर मायचे अश्रूही तिलाच मिळाले, हे मला कळत होतं आणि सहन होत नव्हतं.

जेवणं झाल्यावर आतोबांनी मुलीला समोर बसवून विचारलं, घरी चलतेस का? ती बापाकडं बघेना, मामीकडंही बघेना. कोणत्याच घराला नाव ठेवायची तिला सोय नव्हती. तेव्हा दाराआडून माय बोलली. पाहुण्यांसमोर ती सहसा बोलत नसे.

"धानाच्या रोवणीपावतर राहू द्या. माह्या हातच्या एका तरी गोष्टीले हिनं नाव ठेवलं, तर हे घर हिचं झालं असं समजा. नाई ठेवलं, तर मीच आणून सोडीन."

आतोबांनी मान डोलावली. मुलगी तिथंच बसली होती, तिनंही ऐकलं. मी तर कान देऊनच होते. जाताना आतोबा मायला म्हणाले, पन्हं गार होतं. दुसरं काय म्हणणार बिचारे.

आता कोणाला वाटेल की चाखायचं काम माझ्याकडं परत आलं असेल. नाही. माय म्हणाली, चव आता हीच पाहील, हिला सांगता आलं पाहिजे. आणि मग आमच्या घरात जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. माय मुद्दाम बिघडवायला लागली. ज्या बाईच्या हातच्या भाकरीसाठी बाबा बाजारातून उपाशी परत यायचे, ती अळणी आंबील करायला लागली. पन्ह्यात गूळच नाही. भात करपलेला. रोज पळी त्या मुलीच्या हातावर वाकायची, माय तिच्या तोंडाकडं बघत राहायची, ती जीभ लावायची, डोळ्यांत पाणी यायचं आणि म्हणायची, चांगलं झालं.

मग ते चांगलं झालेलं आम्हाला खावं लागायचं. मी पहिल्याच दिवशी ओरडले की हे गुरंसुद्धा खाणार नाहीत. मायनं मला बाजूला घेऊन बजावलं की तू एक अक्षर काढायचं नाही, तू बोललीस की तिचं बोलायचं राहून जातं. म्हणजे जिला खरं सांगता येत होतं तिनं गप्प बसायचं, आणि जिला येत नव्हतं तिची आरती करायची. बाबा पाण्याच्या घोटाबरोबर घास उतरवायचे. एकदा मी त्यांना गोठ्यामागं फुटाणे खाताना धरलं. त्यांनी मूठभर मला दिले आणि गप्प राहायला सांगितलं.

माझी एकच आशा होती, रोवणी, म्हणजे धानाची लावणी. रोपांसाठी पऱ्हे टाकायचे दिवस जवळ आले. ती नाव ठेवत नव्हती आणि मी दिवस ढकलत होते. एकदा रोवणी लागली की ती आरमोरीला जाणार, आणि आमच्या घरात मीठ, गूळ आणि मी आपापल्या जागी परत येणार.

एक दिवस माय आणि बाबा दोघं बांधीत गेले होते. झाडावर शेवटच्या कैऱ्या राहिल्या होत्या, पाडाला आलेल्या. मला तोवर वाईट खाऊन खाऊन वीट आला होता. मी ठरवलं की आज पन्हं मी करणार, आणि असं करणार की मायला आठवावं, या घरात चव म्हणजे काय असते. कैऱ्या निखाऱ्यात सगळ्या बाजूंनी भाजल्या, एकही कच्ची ठेवली नाही. साल काढून गर हातानं मोडला, कोयीला लागलेलाही सोडला नाही. गूळ चिरून विरघळवला, फडक्यातून गाळला. मीठ चिमटीचिमटीनं घातलं आणि प्रत्येक चिमटीला चाखलं, कारण लेकराचं उष्टं नसतं आणि मी अजून लेकरूच होते. शेवटी जिरं भाजून हातावर चोळून टाकलं. ती मुलगी शेजारी भांडी घासत होती. मी तिला हात लावू दिला नाही.

पन्हं छान झालं होतं. आंबट, गोड, खारट, तिन्ही जिथल्या तिथं.

माय आणि बाबा चिखलाचे पाय घेऊन आले. मी गिलास पुढं केला. मायनं विचारलं, चव पाहिली का? मी पाहिली, मी म्हटलं. माय म्हणाली, तिले दे आधी. माझा राग मस्तकात गेला, पण पळी भरली आणि तिच्या हातावर ओतली. तिनं चाटलं. मग मायकडं न बघता माझ्याकडं बघितलं.

"खारट हाय."

माय खाली बसली, तशीच, अंगणात, चिखलाच्या पायांनी. म्हणाली, पुन्हा सांग. ती म्हणाली, खारट हाय, आन गूळबी कमी हाय. मग माय हसत होती की रडत होती ते मला आजही सांगता येणार नाही. तिनं त्या मुलीला मांडीवर ओढलं, चिखल दोघींना लागला. मी ओरडून सांगितलं की हे खोटं आहे, बाबा, तुम्ही पिऊन सांगा. बाबांनी गिलास घेतला, शेवटपर्यंत प्यायले, मिशा पुसल्या आणि मोठ्या गंभीरपणानं म्हणाले, खारटच हाय. माझा बाप. ज्याच्याबरोबर मी गोठ्यामागं फुटाणे खाल्ले तो.

नाव ठेवलं होतं ते मायच्या हातच्या गोष्टीला नव्हे, माझ्या. ते मी सांगितलं. कोणी ऐकलं नाही. मायनं उठून माझ्या पन्ह्यात लोटाभर पाणी ओतलं, वर गुळाचा मोठा खडा टाकला. तेव्हा ते खरंच बिघडलं. सगळ्यांनी ते आवडीनं प्यायलं, शेजारणीलाही बोलावून पाजलं, आणि मायनं बाबांना सांगितलं की आरमोरीला निरोप धाडा, पोरगी आता कुठी जात नाई.

संध्याकाळी ती तळ्यावर पाणी आणायला निघाली. मी तिच्या मागं गेले. पाळीवर तिला अडवलं आणि विचारलं, खारट कुठी होतं?

"नोतं," ती म्हणाली.

मला वाटलं होतं ती गप्प राहील, नाहीतर रडेल. तिनं घागर खाली ठेवली.

"मंग म्हटलं काऊन?"

"मले इथी राहाचं हाय. रोवणी आली. काही ना काही म्हणाच लागत होतं."

"तं मायच्या हाताले म्हणाचं होतं. माह्या हाताले काऊन?"

"मामीले कसं म्हणू? मामाले कसं म्हणू?" ती म्हणाली. "या घरात मले तुह्याशीच भांडता येते."

मी तिची वेणी धरून ओढली. तिनं माझी धरली, आणि माझ्यापेक्षा जोरात ओढली.